गुडघे सांभाळून समुद्रकाठच्या जंगलात: डन्स्टर आणि कल्बोनबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या किनाऱ्यावरच्या एका जंगलवाटेबद्दल मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या. पॉर्लक वेअर नावाच्या चिमुकल्या बंदरापासून कल्बोनच्या चर्चपर्यंतची वाट, आणि तिथून जवळच डन्स्टर नावाचं मध्ययुगीन गाव. त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. बहुतेक पत्रं आईबाबांची आहेत, मुलं तिकडे नोकरीला आणि हे दोन-तीन महिने राहायला जाणार, लंडन वगैरे बघून झालंय आणि आता जरा शांत काहीतरी हवंय. मी स्वतः ब्रिस्टलमध्ये नऊ वर्षं राहिलेय आणि या वाटेवर किती वेळा गेले ते मोजलेलं नाही, त्यामुळे मनापासून सांगते.

प्रश्न: आम्ही दोघं (मी ६१, हे ६७) मे महिन्यात लेकीकडे ब्रिस्टलला जातोय. जावई हौशी आहेत, त्यांनी डोंगरांची मोठी लिस्ट करून ठेवलीये. पण माझा उजवा गुडघा कुरकुरतो आणि यांना सपाटीवर कितीही चालवा, चढ आला की थांबत थांबत जावं लागतं. तुम्ही 'सोपी वाट' लिहिलंत. खरंच सोपी आहे, की तरुण पोरं म्हणतात तशी सोपी? आणि ते जुनं गाव त्याच दिवशी उरकेल का? – कोथरूड, पुणे

ताई, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे कारण 'सोपी' हा शब्द ज्याचा त्याचा असतो. आधी आकडे सांगते. पॉर्लक वेअरपासून कल्बोनचं चर्च एका बाजूने तीन किलोमीटरच्या थोडं वर, म्हणजे जाऊन-येऊन साडेसहा धरा. चढ सगळा मिळून सव्वाशे मीटरच्या आसपास. पर्वती चढून उतरायची सवय असेल तर चढाची काळजी नको, पर्वतीपेक्षा जास्त आहे पण पायऱ्यांसारखा एकदम अंगावर येत नाही, बराचसा पसरलेला आहे. कड्याच्या काठावरून जाणारी डोळे फिरवणारी वाट नाही, बहुतेक वेळ तुम्ही झाडांच्या आत असता, डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला पानांच्या फटीतून खाली समुद्र. तरुण पोरं दीड-दोन तासात जाऊन येतात. तुम्ही चार तास धरा, आणि हे चार तास धरणं हाच या वाटेवरचा सगळ्यात मोठा उपाय आहे. माझ्या आईला घेऊन गेले तेव्हा ती ६८ वर्षांची होती, गुडघ्याला पट्टा, हातात काठी, आणि दर पंधरा मिनिटांनी बसायचंच असं आम्ही निघतानाच ठरवलं होतं, दमल्यावर बसायचं असं नाही, दमायच्या आधी बसायचं. तिला झेपलं. ज्या दिवशी घाई केली त्या दिवशी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असलेल्या मावसबहिणीचं गुडघ्याचं दुखणं वर आलं. यांना दम लागतो म्हणालात, तर निघायच्या आधी इथेच डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, ते मी सांगू शकत नाही.

आता वाट. गाडी पॉर्लक वेअरच्या पार्किंगमध्ये लावायची, पैसे भरायचं मशीन आहे, सुटे पाउंड ठेवलेले बरे. तिथेच टॉयलेट आहे, जाऊन घ्या, कारण पुढे चर्चपाशी काहीच सोय नाही, दुकान नाही, चहा नाही. बंदर म्हणजे अगदी छोटं, ओहोटी असेल तर होड्या चिखलात कलंडून पडलेल्या दिसतील आणि भरतीला त्याच होड्या धक्क्याच्या काठापर्यंत वर आलेल्या. हा जो समोरचा ब्रिस्टल चॅनेल आहे तिथली भरती-ओहोटी जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक, त्यामुळे येताना आणि जाताना तेच बंदर ओळखू येत नाही. समोर धूसर डोंगर दिसतात ते वेल्स.

बंदराच्या मागून वाट शेताडीतून वर्दी नावाच्या वस्तीकडे जाते आणि तिथे एक जुनं गेटहाउस लागतं, दगडी कमानींचं. एका कमानीतून टोलचा खासगी रस्ता आत जातो आणि दुसऱ्या कमानीतून आपली पायवाट. चुकायला होत नाही, कारण ही वाट साउथ वेस्ट कोस्ट पाथचा भाग आहे, माइनहेडला सुरू होऊन १,०१४ किलोमीटर चालणारी इंग्लंडची ती लांबच लांब किनारवाट, आणि तिच्या प्रत्येक खांबावर ओकच्या फळाचं चित्र कोरलेलं असतं. ते चित्र दिसत राहिलं की तुम्ही बरोबर आहात. एक मात्र लक्षात ठेवा, या डोंगरउतारावर दरडी सरकतात आणि म्हणून वाट अधूनमधून वरच्या बाजूने वळवलेली असते, त्यामुळे फोनमधला मॅप काहीही म्हणो, तिथल्या पाटीचं ऐका. फोनला रेंजही जेमतेमच असते, ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल ९ नंबरचा कागदी नकाशा जावयांना घ्यायला सांगा.

गेटहाउसच्या पुढे ॲशली कूम नावाच्या हवेलीचे अवशेष आहेत. घर १९७४ मध्ये पाडलं पण दगडी भिंती, टप्प्याटप्प्याचे मजगीसारखे बगीचे आणि बोगदे अजून आहेत, त्या बोगद्यांच्या तोंडाशी नेचे इतके वाढलेत की आत हिरवा अंधार वाटतो. जावई किंवा लेक सॉफ्टवेअरमध्ये असतील तर त्यांना इथे जरा थांबवा. कवी बायरनची मुलगी एडा लव्हलेस हिचं हे उन्हाळ्यातलं घर. १८३५ मध्ये तिचं विल्यम किंगशी लग्न झालं आणि त्यांनी ही जागा सजवली, आणि १८४३ मध्ये गणिती चार्ल्स बॅबेजच्या गणनयंत्रावर तिने ज्या टिपा छापल्या त्यात यंत्राने कोणत्या क्रमाने काय करायचं ते मांडलं होतं, आज त्यालाच पहिला कम्प्युटर प्रोग्राम म्हणतात. बोगदे कशासाठी, तर सामान घेऊन येणारे लोक घरातून दिसू नयेत म्हणून, असं सांगतात. मला ते दर वेळी वाचून वाईट वाटतं, पण बांधकाम सुंदर आहे हे खरं.

इथून पुढे खरं जंगल. ओक, ॲश, बीच, आणि मधेमधे व्हाइटबीम नावाचं झाड, पान खालच्या अंगाला पांढरट असतं, वारा सुटला की सगळं झाड एकदम उजळून उठतं. या व्हाइटबीमचे काही प्रकार फक्त याच किनाऱ्याच्या आसपास सापडतात, दुसरीकडे कुठे नाहीत. ओकच्या खोडांवर शेवाळं इतकं जाड की हाताने दाबलं तर ओल्या टॉवेलसारखं पाणी येतं. आपल्या कोकणातल्या पावसाळ्यानंतरच्या गडग्यांवर असतं ना, तसंच पण वर्षभर. मेच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर झाडांखाली ब्लूबेलची निळी फुलं पसरलेली असतील, जूनमध्ये ती संपतात आणि मग सगळं हिरवं. खाली समुद्राचा आवाज असतो पण लाटांचा नाही, गोट्यांचा. किनारा वाळूचा नाही, गोल गुळगुळीत दगडांचा आहे, लाट मागे जाताना ते दगड एकमेकांवर घासत जातात आणि तो करकर आवाज वर झाडांपर्यंत येतो. आई म्हणाली, कोणीतरी सुपात काहीतरी पाखडतंय. त्या दिवसापासून मला तो आवाज तसाच ऐकू येतो.

शेवटचा नागमोडी चढ जरा दम काढतो आणि मग अचानक झाडं बाजूला होतात, ओढ्याचा आवाज येतो आणि घळीत खाली ते चर्च दिसतं. त्याबद्दल पुढे एका प्रश्नाच्या उत्तरात लिहिलंय म्हणून इथे थांबते. परत यायचं त्याच वाटेने. वरच्या शेतांमधून गोल फेरी करून येता येतं पण चढ वाढतो, तुमच्या गुडघ्यासाठी नकोच, आणि उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो हे तुम्हाला माहीत असेलच, त्यामुळे काठी येतानासाठी जपून ठेवा. आणि हो, ही वाट कुठूनही मागे वळता येते. गेटहाउस, बोगदे, पहिला ओढा, कुठूनही. चर्चपर्यंत पोचलंच पाहिजे असं मनात धरून जाऊ नका, बोगद्यांपर्यंत जाऊन आलात तरी जंगल आणि समुद्र दोन्ही भेटलेले असतात.

आता डन्स्टर. पॉर्लक वेअरपासून गाडीने सतरा-अठरा किलोमीटर, ब्रिस्टलहून येताना वाटेतच लागतं. त्याच दिवशी उरकेल का विचारलंत, तर उरकेल, पण उरकल्यासारखंच होईल. माझं ऐका आणि एक रात्र तिकडे राहा, आजूबाजूला घरगुती बेड अँड ब्रेकफास्ट भरपूर आहेत, एक दिवस जंगलाला आणि एक दिवस गावाला. अगदीच जमत नसेल तर सकाळी आधी जंगल, पाय ताजे असताना, आणि दुपारी चारनंतर डन्स्टर, तोपर्यंत गर्दीही ओसरते आणि जूनमध्ये तिकडे रात्री नवापर्यंत उजेड असतो.

गाव म्हणजे एक मुख्य रस्ता, एका टोकाला टेकडीवर किल्ला आणि दुसऱ्या टोकाला झाडीतल्या टेकडीवर एक मनोरा. रस्त्याच्या मधोमध आठ कोनी लाकडी छपराचा मंडप आहे, यार्न मार्केट, १६०९ मधला. इथे लोकरीचं कापड विकायला मांडायचे आणि पाऊस आला तर माल भिजू नये म्हणून हे छप्पर. आपल्याकडे आठवडी बाजाराच्या गावात जुना चौथरा असतो तसाच, फक्त वर एवढं देखणं छप्पर. आत शिरून वर बघा, लाकडाच्या तुळया कशा एकमेकींत अडकवल्यात ते. डन्स्टर एके काळी बंदर होतं आणि इथलं कापड डन्स्टर याच नावाने ओळखलं जायचं, मग समुद्र मागे हटला, बंदर गाळाने भरलं, आणि व्यापार गेला म्हणूनच गाव जुनं राहिलं, पाडून नवं बांधायला कोणाकडे पैसा आणि कारणच उरलं नाही. आपल्या चौलचंही असंच झालं ना, शेवटच्या प्रश्नात ते येईलच.

किल्ला पहिल्यांदा मोहन घराण्याचा होता. आपल्या मोहनशी त्याचा संबंध नाही, नॉर्मन घराणं ते, म्हणजे फ्रान्सकडून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्यांपैकी, पण पाटी वाचून आई खूश झाली होती. १३७६ मध्ये तो लटरेल घराण्यातल्या एका बाईने विकत घेतला आणि तेव्हापासून १९७६ पर्यंत, विसाव्या शतकातली मधली थोडी वर्षं सोडली तर सहाशे वर्षं, त्याच कुटुंबाकडे राहिला. मग त्यांनी तो नॅशनल ट्रस्टला, जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, दिला. वर जायला चढ आहे. गुडघा दमलेला असेल तर किल्ला सोडा आणि त्याच्या पायथ्याशी गॅलॉक्स ब्रिजवर जा, ओढ्यावरचा दोन कमानींचा मध्ययुगीन दगडी पूल, लोकर लादलेल्या घोड्यांसाठी बांधलेला म्हणून रुंदी इतकीच की दोन माणसं शेजारी चालतील. बाजूला शाकारलेली घरं, खाली पाणी गुडघाभर पण नाही. मला विचाराल तर अख्ख्या गावात हीच जागा, तास-तास बसावं.

प्रश्न: मुलगा लंडनला असतो, त्याच्याकडे गाडी नाही. ट्रेन-बसने हे जमतं का? एका दिवसात परत? – ठाणे

जमतं, पण एका दिवसात परत हा हट्ट सोडा. लंडनच्या पॅडिंग्टनहून टॉन्टनपर्यंत मेन लाइनची ट्रेन, दोन तासांच्या आत-बाहेर. टॉन्टनहून माइनहेडला जाणारी २८ नंबरची बस डन्स्टरवरून जाते, तिला तासाच्या वर लागतो. माइनहेडहून पॉर्लककडे जाणाऱ्या बसेस आहेत पण मोजक्याच, रविवारी तर भरवसा ठेवूच नका, आणि शेवटची बस कधीची आहे ते आदल्या रात्री बघून कागदावर लिहून घ्या. पॉर्लक गाव आणि पॉर्लक वेअर या दोन वेगळ्या जागा आहेत, मधे तीनेक किलोमीटरचं अंतर, बस कुठपर्यंत जाते ते चढतानाच विचारा. आम्ही एकदा गावातच उतरलो आणि मग खाजणाच्या काठाकाठाने बंदरापर्यंत चालत गेलो. ते चालणंही फार सुंदर होतं, पण आधीच पाय थोडे दमले.

त्या खाजणाबद्दल दोन वाक्यं लिहायचा मोह आवरत नाहीये. पॉर्लकच्या खाडीत गोट्यांचा एक लांबच लांब नैसर्गिक बांध होता, त्याच्या आत गोडी शेती. १९९६ च्या ऑक्टोबरमधल्या वादळात तो बांध फुटला, समुद्र आत आला आणि शेतांची खाजण झाली. आधी हे बांध लोक दुरुस्त करत आले होते, या वेळी मात्र समुद्राला येऊ दिलं. आज तिथे खाऱ्या पाण्याने मेलेली झाडं पांढरी होऊन उभी आहेत, आणि खाली खारवनस्पती, पक्षी. आपल्याकडे खारबंधारा फुटून भातशेती गेल्याचं दुःख रायगडातल्या माणसाला सांगायला नको, त्यामुळे मला ते बघून नुसतं छान असं म्हणवत नाही, ती शेतं कोणाची तरी होती.

अजून एक, टॉन्टनजवळच्या बिशप्स लिडिअर्डहून माइनहेडपर्यंत वाफेच्या इंजिनाची जुनी रेल्वे चालते, साधारण ३२ किलोमीटर, आणि डन्स्टरलाही थांबते. स्टेशन गावापासून थोडं लांब आहे, दीडेक किलोमीटर, सपाट रस्ता. ती रोज नसते, हिवाळ्यात बराच काळ बंद असते, पण मुक्कामाने जाणार असाल तर एका बाजूचा प्रवास त्यानेच करा.

प्रश्न: दोन मुलं, एक पाच वर्षांचा आणि एक प्रॅममधली. कल्बोनला प्रॅम जाईल? – रेडिंग, इंग्लंड

नाही जाणार. मुळं, दगड, अरुंद वळणं, पाठीवर घ्यायचं कॅरिअर असेल तरच. पाच वर्षांचा मात्र मजेत जाईल, बोगदे आहेत म्हटल्यावर तर पळत जाईल, त्याला उताराच्या कडेला हात धरून न्या एवढंच. प्रॅमसाठी त्याच भागात दुसरी जागा आहे, डन्स्टरच्या जवळ नटकूम बॉटम म्हणून जंगलात, तिथे सपाट केलेली फेरी आहे आणि त्यावर डग्लस फरची प्रचंड झाडं, त्यातलं एक साठ मीटरच्या आसपास उंच, इंग्लंडमधल्या सगळ्यात उंच झाडांपैकी. ही झाडं मूळची तिकडची नाहीत, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची, एकोणिसाव्या शतकात लावलेली. समुद्र तिथून दिसत नाही. पण खोडाला पाठ लावून वर बघायला लावा मुलाला, मान मोडेपर्यंत बघत राहतो.

प्रश्न: चर्च उघडं असतं का? आपण आत गेलेलं चालतं का, चपला काढायच्या का? आणि तिथे पूर्वी कुष्ठरोग्यांना ठेवायचे असं ऐकलं ते खरं का? – नाशिक

मी गेले तेव्हा दर वेळी दार नुसतं ओढलेलं होतं, कडी उचलून आत जायचं आणि येताना परत लावायची, पक्षी आत शिरतात म्हणून. कोणीही गेलेलं चालतं. चपला काढायची पद्धत नाही. पण माझ्या आईने काढल्या, बाहेर दगडाला टेकवून ठेवल्या आणि मोज्यांवर आत गेली. आत एक वयस्कर इंग्लिश बाई फुलं बदलत होत्या, त्यांनी आईच्या पायांकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत, फक्त एक लांबट उशी उचलून बाकावर ठेवली, दगड गार असतो म्हणून पाय वर घ्या अशी खूण केली.

सेंट ब्यूनोचं हे चर्च म्हणजे आपल्या देवळाच्या सभामंडपाएवढंही नाही. लांबी ३५ फूट, माणसं बसतील जेमतेम तीस. इंग्लंडमधलं सगळ्यात छोटं पॅरिश चर्च, म्हणजे गावकीचं चर्च, अशी त्याची ख्याती, आणि मोटारीने येणाऱ्यासाठी दारापर्यंत रस्ता नाही, सगळे चालत येतात. भिंती जाड, आत ओल्या दगडाचा आणि मेणाचा वास, आणि उजेड इतका कमी की डोळे स्थिरावायला मिनिटभर लागतं. बाहेरून उत्तरेकडच्या भिंतीला एक जोडखिडकी शोधा, नॉर्मन लोक येण्याच्याही आधीची मानतात, अख्खी एका दगडात कोरलेली, आणि मधल्या खांबाच्या डोक्यावर एक चेहरा आहे, माणसाचा की मांजराचा सांगता येत नाही. आईने त्या चेहऱ्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, आपल्या गावच्या वेशीवरच्या वीरगळासारखा झिजलाय. हात लावायला नको होता खरं तर, तुम्ही लावू नका, पण तिने म्हटलं ते मला पटलं.

छपरावर स्लेटचा एक छोटा टोकदार कळस आहे. पॉर्लकच्या मोठ्या चर्चचा कळस वरून कापल्यासारखा दिसतो, आणि तिकडचे लोक पोरांना सांगतात की वादळात पॉर्लकचं टोक उडालं आणि ते इथे येऊन बसलं. दोन्ही एकाच दिवशी बघा म्हणजे गोष्टीची गंमत कळेल.

कुष्ठरोग्यांचं म्हणाल तर अशी परंपरेने चालत आलेली हकिगत आहे, की या जंगलात त्यांची वस्ती होती, त्यांना ओढा ओलांडायची बंदी होती आणि चर्चच्या भिंतीतल्या एका छोट्या झरोक्यातून ते बाहेर उभं राहून प्रार्थना बघायचे. तो झरोका आहे. मी त्याच्या बाहेरच्या बाजूला उभी राहून आत बघितलंय, फक्त समोरची एक पट्टी दिसते, बाकी काही नाही. आत जाता न आलेल्यांची गोष्ट आपल्याला परकी नाही, चोखोबांची पायरी आपल्याकडेही आहे, म्हणून तिथे मला जास्त वेळ उभं राहावंसं वाटलं. आसपास कोळसा पाडणारे लोकही राहायचे, ओकची लाकडं रचून धुमसत ठेवायचे.

प्रश्न: मी इंग्रजीचा निवृत्त शिक्षक. कोलरिजची 'कुब्ला खान' ही कविता इथलीच ना? – सांगली

हो सर, इथलीच. त्याने स्वतः हस्तलिखितावर लिहून ठेवलंय की पॉर्लक आणि लिंटनच्या मधल्या एका शेतघरात, कल्बोन चर्चपासून पाव मैलावर, १७९७ च्या शरदात ही रचना झाली. ते घर कोणतं यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. आणि कविता निम्म्यात राहिली कारण पॉर्लकहून कोणीतरी कामासाठी आलं आणि तासभर अडकवून ठेवलं, हे त्याचंच म्हणणं, तुम्ही वर्गात शिकवलंच असेल. छापली ती १८१६ मध्ये. कवितेतली ती खोल घळ वाचून मग कल्बोनची घळ बघा, झाडांनी झाकलेली, खाली पाण्याचा आवाज. मी उलट क्रमाने केलं, आधी घळ बघितली आणि घरी येऊन कविता काढली, आणि मला वाटतं ते जास्त बरं झालं.

प्रश्न: आम्ही ऑक्टोबर अखेरीला जातोय. पाऊस, चिखल, बूट, काय काळजी घ्यायची? – बोरिवली

बूट सगळ्यात आधी. तळाला खोल खाचा असलेले, घोटा धरणारे. आपले वॉकिंगचे गुळगुळीत झालेले स्पोर्ट्स शूज नको म्हणजे नकोच. ओकची ओली पानं चिकणमातीवर पडलेली असतात आणि ते तेलासारखं निसरडं होतं. माझी वहिनी तशाच बुटांवर आली होती, तिसऱ्या वळणावर घसरली, मनगट दुखावलं आणि पुढचे सहा आठवडे प्लास्टर. कोणाची चूक म्हणून सांगत नाही, मीच निघताना बघायला हवे होते तिचे बूट.

ऑक्टोबर अखेरीला घड्याळं एक तास मागे जातात आणि पाचच्या सुमाराला सूर्य जातो, झाडांखाली त्याहून आधी अंधार होतो, त्यामुळे दुपारी तीनला बंदरात परत असलं पाहिजे असा हिशेब ठेवा आणि छोटी टॉर्च बरोबर घ्या. वरून पाऊस नसला तरी झाडांवरून पाणी गळत राहतं, पातळ रेनकोट अंगावर असू द्या, छत्री फांद्यांत अडकते. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी फुल पँट घालून ती मोज्यात खोचा, कारण नेच्यांमध्ये गोचीड असते आणि तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. घरी आल्यावर गुडघ्याची मागची बाजू, काख, कमरेचा पट्टा तपासा. चिकटलेली असेल तर बारीक चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायची, तेल-बिल लावत बसायचं नाही, आणि नंतरच्या काही आठवड्यांत लाल गोल चट्टा किंवा ताप आला तर लगेच डॉक्टर.

खायचं बरोबर न्या. बंदरात खानावळ आणि पब आहे, पण वाटेत काही नाही आणि शाकाहारी माणसाला चिप्सवर भागवायला लागू शकतं. आम्ही थेपले, लोणचं आणि डिंकाचे लाडू नेतो आणि चर्चच्या बाहेरच्या भिंतीपाशी, कबरींना पाठ न करता, बसून खातो. डन्स्टरला परत आल्यावर क्रीम टी घ्या, कोमट स्कोन, घट्ट साय आणि जॅम, दिवसभर चालून आल्यावर ते अंगाला लागतं.

प्रश्न: हे सगळं छान आहे, पण विमानाचं तिकीट काढल्याशिवाय असं काही नाही का? जुनं गाव, झाडी, समुद्र, सोपं चालणं? – पनवेल

आहे की, आणि तुमच्यापासून गाडीने अडीच-तीन तासांत. चौल-रेवदंडा. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल मसूदी इथे आला तेव्हा हे गजबजलेलं बंदर होतं, पंधराव्या शतकात रशियातून अफनासी निकितिन भारतात उतरला तो चौललाच, आणि १५२१ नंतर पोर्तुगीजांनी रेवदंड्याला तटबंदी घातली, आज त्या तटाच्या आतच गाव नांदतंय, नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये चर्चचे आणि मनोऱ्याचे अवशेष उभे आहेत. डन्स्टरसारखंच, बंदर गाळाने गेलं आणि गाव मागे राहिलं.

सकाळी सहाला रेवदंड्याच्या किनाऱ्यावरून तटाच्या बाहेरच्या अंगाने चाला, ओहोटीची वेळ बघून, मग आत वळून चौलच्या वाड्यांमधल्या पाखाड्या धरा. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वर पोफळी, पाटाच्या पाण्याचा आवाज, रामेश्वराच्या देवळापुढची पुष्करणी, तिथे बसून पोहे खा. ऊन चढायच्या आत दत्ताच्या टेकडीच्या पायऱ्या चढायच्या की नाही ते गुडघ्याला विचारून ठरवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. वाड्या लोकांच्या खासगी आहेत, त्यामुळे आत शिरायच्या आधी हाक मारा, बहुतेक वेळा कोणीतरी बाहेर येऊन वाट दाखवतं आणि शहाळंही विचारतं. फेब्रुवारीत मी परत जाणार आहे, तेव्हा मांदाड-दिवेआगरकडच्या वाटांबद्दल आलेले प्रश्न त्यानंतरच्या अंकात घेते.